दाजींनी मोजलेले पाच फेरे

माझं मोजमाप चुकत नाही, असा माझा समज होता. तीस वर्षं नांदेडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पोरांच्या प्रयोगवह्यांवर लाल पेनाने ‘पुन्हा मोजा’ लिहून लिहून बोटाला घट्टा पडला. हा माज गेल्या वर्षी एका रायफलच्या दुर्बिणीने उतरवला, दाजींच्या मदतीने.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, रेणापूरचे शेतकरी. त्यांची मुलगी शिकायला माझ्याकडे असते आणि क्लबात छऱ्याची रायफल चालवते. रविवारी लातूरला स्पर्धा होती, दुर्बीण लावून नेम धरायची. क्लबातून एकच मुलगी जाणार होती आणि ती जागा हिला मिळाली होती. पण हिची दुर्बीण जुनी. छरे खाली जायला लागले म्हणून ही वरची चकती फिरवत गेली, ती शेवटाला जाऊन अडकली, तरी छरे खालीच. क्लबच्या सरांनी सांगून टाकलं, शनिवारी संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर दुसरीला पाठवतो. पोरीचं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं.

“एवढंच ना?” मी म्हटलं. दुर्बिणीला दोन चकत्या असतात. वरची फिरवली की आतली फुली वर-खाली सरकते, बाजूची फिरवली की डावीउजवीकडे. या टोकापासून त्या टोकापर्यंत चकतीचे किती फेरे होतात ते मोजायचं आणि निम्मं मागे यायचं, म्हणजे फुली मधोमध. मग दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या दोन पकडींपैकी मागच्या पकडीत पत्र्याची पातळ पट्टी सारली की छरे वर येतात आणि चकतीला दोन्हीकडे जागा उरते. वर्गात शिकवल्यासारखं मी हे सांगितलं. पोरगी नुसती हं हं करत होती.

शुक्रवारी दाजी शेंगांची पिशवी घेऊन लेकीला भेटायला आले आणि आयतेच सापडले. चपलांच्या खोक्याला दोन खाचा पाडून त्यात दुर्बीण ठेवली, समोरच्या भिंतीला आलेखाचा कागद चिकटवला. पोरीचा डोळा दुर्बिणीला, दाजींची बोटं चकतीला, पेन्सिल माझ्या हातात. बाजूची चकती आधीच मधोमध होती. आता वरची. दाजी एकेक फेरा पुरा करत मोठ्याने म्हणत होते, “लाभ... दोन... तीन...” आणि मी रेघा मारत होते.

“पाच झाले, बाई.” मी शिक्षिका म्हणून ते मला बाईच म्हणतात.

कागदावर रेघा चार. कानावर नाही, कागदावर विश्वास ठेवा, हे मीच जन्मभर सांगत आले. “चारच झाले, दाजी.”

“पाच हायेत. म्या सोता फिरवलेत.”

“दाजी, तुम्हाला मोजता येत नाही.”

त्यांनी चकतीवरची बोटं काढून घेतली. मग म्हणाले, “आसंल बाई. तुमी शिकलेल्या.” केलेला चहा तसाच ठेवून ते चारच्या बसने निघून गेले.

चाराचे निम्मे दोन, म्हणून मी दोन फेरे मागे आले. फुली खरंच मधोमध असेल तर दुर्बीण खोक्यात गोल फिरवली तरी ती जागची हलत नाही. ही घाण्याच्या बैलासारखी गोल फिरायला लागली. मी खोक्याला नावं ठेवली, खाचा पुन्हा कापल्या, पोरीवर डाफरले. फुली फिरतच राहिली. पोरगी रडवेली झाली.

शनिवारी सकाळी मी स्वतः चकती फिरवली. एक, दोन, तीन, चार... आणि पाच.

“मावशी, तू पप्पांचं लाभ धरलं का?” पोरीने विचारलं.

“लाभ म्हणजे देवाचं नाव घेतात तसं ना?”

“न्हाई गं. लाभ म्हणजेच एक. आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत.”

मी शहरात वाढलेली. पहिली रेघ मी मारलीच नव्हती. ज्या माणसाची हयात खळ्यावर मापं टाकण्यात गेली, त्याला मी मोजता येत नाही म्हटलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अडीच फेरे मागे आलो. दुर्बीण गोल फिरवली, फुली जागेवर गुमान बसली. थंड पेयाच्या डब्याची पट्टी कापून मागच्या पकडीत सारली आणि संध्याकाळी छरे नेमके बसलेले बघून सरांनी होकाराची मान हलवली.

रविवारी लातूरच्या हॉलबाहेर दाजी धुतलेल्या धोतरात उभे होते. मी सरळ म्हटलं, “दाजी, चुकलं माझं. फेरे पाचच होते.”

“हाव की,” ते म्हणाले, आणि आत चालायला लागले.

आत बोलायची बंदी. पोरीचा सरावाचा पहिला छरा थोडा खाली गेला. तिने वरच्या चकतीला हात घातला. टिक, टिक, टिक. चकती मोकळी फिरली. पुढचा छरा काळ्या गोलाच्या मध्यात.

“लाभ,” मी पुटपुटले.

दाजींनी समोरून नजर हलवली नाही. “आता तरी रेघ मारा, बाई.”