हिरव्या ब्लाउजपिसाची झेंडी

"दीदी, इनको डिमेन्शिया है," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे आठवण हळूहळू जाते, स्वभावही पालटतो. आमचे हे बाजूलेच बसून शर्टाच्या गुंड्या लावून राहिले होते. मले रडू नाही आलं, रागच आला. मी काही आठवण जाते म्हणून आली नव्हती, मार खाऊन आली होती.

चाळीस वर्षांत ज्या माणसानं बोट नाही लावलं, तो आता दिवसातून दोनदा-तीनदा हात उचले. पोरगा म्हणे, "मम्मी, नींद की गोली दे दो." मीही तेच मागाले गेली होती.

मॅडम म्हणाल्या, "गोली बाद में. पहले बिहेवियरल असेसमेंट." म्हणजे वागणुकीची तपासणी. काय केलं, किती वेळा, त्याच्या आधी काय झालं, अन् तुम्हाले त्रास किती, शून्य ते पाच. मार मी खाऊ अन् परीक्षाही माझीच! तरी लिहिलं.

आठ दिवसांनी मॅडमनं कागद वाचला. "हर बार पहले ट्रेन का हॉर्न लिखा है. ये काम क्या करते थे?"

रेल्वेत फाटकवाले होते, भनपुरीकडे. गाडी गेली की हे हिरवी झेंडी दाखवत, अन् शेवटल्या डब्यातून गार्डही दाखवे. म्हणजे गाडी ठीक आहे. तिकडून झेंडी नाही दिसली, तर यायचा जीव वरखाली होई.

लाईन आमच्या घरामागूनच जाते. हॉर्न वाजला की हे टॉवेल घेऊन छतावर धावत, अन् लोक हासतात म्हणून मी टॉवेल हिसकून घेत होती. बाई गं! यायच्या लेखी मी झेंडी हिसकून गाडीच रुळावरून पाडून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी यायले हिरवं ब्लाउजपीस दिलं. गाडी गेली की मी खाली अंगणातून दुसरं हलवत होती. हे वरून पाहत, मान हलवत, अन् खाली येऊन निवांत भात खात. मारणं थांबलं, गोळी लागलीच नाही. त्या मॅडमचे उपकार मी जल्मात नाही विसरणार. तुमच्या घरी कोणी असं करत असन, तर आधी लिहून पाहा, मंग चिडा.

परवा तोच कागद पुन्हा भरला. मारणं शून्य. चिडणं शून्य. मॅडम खूश झाल्या, "अच्छा है ना, दीदी?"

मी म्हटलं, मॅडम, आता हॉर्न वाजते अन् हे उठतच नाही. मी अंगणात कापड हलवत राहते, वर छतावर कोणी नसते. हे उठून दोन थापडा मारतीन तर खाईन मी.

त्रासाच्या रकान्यात मी पाच लिहिलं.