झिजत जाणारं प्रोमेथियम

मरोळच्या त्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात मथुरा टपके लागली ती तुकडे तोलायला. वेसाव्याच्या कोळीवाड्यात तिच्या बरोबरीच्या ज्या तीन-चार मुली मॅट्रिक झाल्या, त्यातली ती एक. तिची आई सखुबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची, आणि पोरीच्या हाताला मासळीचा वास येत नाही याचं तिला अजून नवल वाटायचं.

कारखान्यात पॉलिथिनची पातळ फिल्म निघायची. तिची पुढे औषधाच्या पावडरीची पाकिटं व्हायची. मथुरा दर तासाला रोलमधून दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा साच्याने कापायची आणि काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवायची. तुकडा तेवीस सेंटिग्रॅम भरला की फिल्मची जाडी बरोबर. पाच वर्षं तिने हेच केलं आणि मन लावून केलं.

१९७० च्या फेब्रुवारीत परदेशातून जाडी मोजणारं गेज आलं. मशीनवर ते चिमट्यासारखं बसवलं. खाली एक छोटी पेटी, वर किरण मोजणारी डबी आणि मधून धावणारी फिल्म. पेटीत चिमूटभर धातू होता. त्यातून न दिसणारे किरण सतत निघत. फिल्म जाड झाली की वरच्या डबीपर्यंत कमी किरण पोचत, पातळ झाली की जास्त. त्यावरून काटा जाडी सांगायचा, त्याच सेंटिग्रॅमच्या आकड्यात. मशीन चालवणाऱ्या ऑगस्टीन परेराने काटा बघायचा आणि जाडी कमी-जास्त करणारं चाक फिरवायचं, बस्स.

वर्क्स मॅनेजर भाऊराव सबनीस मथुराला म्हणाले, "आता तुकडे बंद. तू पॅकिंगला जा."

ती गेली. पण पाच वर्षांचं काम असं एका काट्याच्या भरवशावर सोडून द्यायला तिचं मन घेईना. जेवणाच्या सुट्टीत ती रोज एक तुकडा कापायची, तोलायची, पाकिटात घालून वर तारीख आणि वजन लिहायची. पॅकिंगच्या बायका हसायच्या. तिने हसू दिलं.

पहिलं वर्ष झकास गेलं. गेजच्या कंपनीचा इंजिनिअर दर महिन्याला यायचा, अर्धा तास काहीतरी करायचा, एक बटण फिरवायचा आणि चहा पिऊन जायचा. वर्षाचा करार संपला, त्याचं येणं थांबलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये ट्रक भरून माल परत आला. पाकिटं फुटत होती. भाऊरावांनी फिल्म बोटांत धरून ताणली, तर ती टरकन फाटली. काटा मात्र म्हणत होता की जाडी बरोबर आहे.

"काट्याशी खेळलास तू," भाऊराव सगळ्यांसमोर ऑगस्टीनला म्हणाले. "पातळ काढली की फिल्मचे मीटर जास्त भरतात. बोनससाठी केलंस ना?"

ऑगस्टीन मरोळ गावठाणातला, सतरा वर्षं त्याच मशीनवर. तो एवढंच म्हणाला, "साहेब, काट्याने सांगितलं तसं चाक फिरवलं मी." त्याला घरी बसवलं. चौकशी पंधरा दिवसांनी ठरली.

मथुराने त्या संध्याकाळी सगळी पाकिटं घरच्या ओट्यावर मांडली. फेब्रुवारीपर्यंत तेवीस. मार्चअखेर साडेएकवीस. मग वीस. मग साडेअठरा. आता सतरा. उतरती वजनं तिला रोज दिसत होती, पण माल मुद्दाम पातळ काढत असतील असं तिने धरलं होतं. माणसाच्या हातून चूक झाली तर ती कधी इकडे होते, कधी तिकडे. ही वजनं जिना उतरावा तशी उतरत होती. आणि मे महिन्यात ऑगस्टीन बहिणीच्या लग्नासाठी दहा दिवस रजेवर होता, तेव्हाही ती उतरतच होती.

दुसऱ्या दिवशी ती भाऊरावांकडे गेली. त्यांनी पाकिटांकडे पाहिलंही नाही. "तुला हे करायला कोणी सांगितलं? पॅकिंग सोडून नसत्या भानगडीत पडलीस तर तुझीही चौकशी लावीन."

घरी तिने आईला सांगितलं. सखुबाई कोलंबी सोलत होती. "नोकरी गेली तं टोपली हाय गो," ती म्हणाली. "पन खोटं व्हताना गप ऱ्हाऊ नको."

मथुराने गेजच्या पेटीवरच्या पट्टीवरची अक्षरं उतरून घेतली: प्रोमेथियम १४७, आणि खाली एक तारीख. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असायची. त्या दिवशी ती, हा धातू काय ते विचारायला, बस बदलत पवईच्या इन्स्टिट्यूटमध्ये गेली. फाटकावरच्या वॉचमनने दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मी इथेच बसते. फिजिक्सचं कोणी बाहेर आलं की सांगा." तासाभराने तिथे संशोधन करणाऱ्या वनमाला कारखानीस बाहेर आल्या, आणि पाकिटांची पिशवी बघून तिला आत घेऊन गेल्या.

वनमालाबाईंनी भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकसष्ट नंबरच्या घरावर बोट ठेवलं. "हे बघ. याच्या शेजारचे धातू जमिनीत सापडतात. त्यांना दुर्मिळ मृदा धातू म्हणतात. हा त्याच घराण्यातला, पण जमिनीत जवळजवळ नाहीच. कारण हा टिकत नाही. अणुभट्टीत युरेनियम फुटतं, त्यातून हा वेगळा काढावा लागतो. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या रंगात घालतात, चिमुकल्या बॅटऱ्या करतात."

"आणि फिल्मला हाच का?"

"याचे किरण दुबळे. जाडसर पुठ्ठाही त्यांना अडवतो. म्हणूनच पातळ वस्तूतला एवढासा फरक त्यांना कळतो. पण ती पेटी कधी उघडू नको. कण पोटात गेला तर हाडात जाऊन बसतो."

"टिकत नाही म्हणजे किती?"

"अडीच वर्षांच्या जरा पुढे गेलं की निम्मा उरतो. महिन्याला शंभरातले दोन गेले असं धर."

मथुराने पाकिटांवरची वजनं पुन्हा एकदा पाहिली. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे किरणच कमी निघतात. काट्याला वाटतं, फिल्म जाड झाली. मशीनवाला चाक फिरवून पातळ करतो."

"तू म्हणालीस ते इंजिनिअरचं बटण याचसाठी होतं, काटा पुन्हा जुळवायला," वनमालाबाई म्हणाल्या.

चौकशीच्या दिवशी केबिनमध्ये मालक चंद्रप्रकाशजी आणि भाऊराव बसले होते, ऑगस्टीन समोर उभा होता. मथुरा न बोलावता आत गेली.

"तू बाहेर थांब," भाऊराव म्हणाले.

"नाही थांबणार, साहेब. मशीनपाशी पाच मिनिटं चला. मी चुकले तर मला आजच काढा."

चंद्रप्रकाशजी उठले, तेव्हा भाऊरावांनाही उठावं लागलं.

मशीन बंद होतं, गेज मात्र चालू. मथुराने पहिल्या वर्षीचं एक पाकीट फोडलं आणि आतला तुकडा सगळ्यांसमोर तराजूवर ठेवला. तेवीस. मग तोच तुकडा चिमट्याने गेजच्या फटीत धरला. काटा सरकत सरकत एकोणतीसवर जाऊन थांबला.

तिने दुसरा जुना तुकडा लावला, मग तिसरा. काटा तिथेच.

"तुकडा गेल्या वर्षीचा आहे," ती म्हणाली. "याला ऑगस्टीनने काय केलं?" मग प्रोमेथियम कसं झिजतं ते तिने वनमालाबाईंनी सांगितलं तसं सांगितलं, आणि ऑगस्टीनच्या रजेतली, मे महिन्यातली दहा पाकिटं टेबलावर ओळीने ठेवली.

भाऊराव बराच वेळ ती पाकिटं उलटसुलट करत राहिले. नंतर ऑगस्टीनकडे वळून म्हणाले, "माझी चूक झाली." सगळ्यांसमोर आरोप केला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना त्यांनी हेच पुन्हा सगळ्यांसमोर म्हटलं. एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

गेज मथुराच्या ताब्यात आलं. रोज सकाळी ती ठरलेल्या वजनाचा तुकडा फटीत धरून बटण फिरवायची आणि मगच मशीन सुरू करू द्यायची. ऑगस्टीन परत आला, त्या दिवशी पहिला तासभर दोघं आपापल्या कामात होते. मग तो म्हणाला, "काटा ठीक आहे ना गं?"

"सकाळीच लावलाय. चालव तू."

१९७४ मध्ये धातू इतका झिजला की बटण शेवटाला टेकलं. नवी पेटी मागवली. जुनी स्टोअरवाल्याने भंगारात टाकायला काढली, तेव्हा मथुराने ती आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आता त्यात काय उरलंय?" चंद्रप्रकाशजींनी विचारलं. "चार वर्षांत तिसरा हिस्सा उरतो, शेठ," ती म्हणाली. "भंगारवाला हातोड्याने फोडील." तिने अणुऊर्जेच्या सरकारी खात्याला तीन पत्रं लिहिली. सात आठवड्यांनी खात्याची जीप आली. त्यांनी पेटीतले किरण मोजले आणि ती सील करून ताब्यात घेतली. मथुराने पावतीवर पेटीचा नंबर नीट तपासला, मगच सही केली.