भिंतीवरच्या दोऱ्या

माणसाला तोंडावरून ओळखणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पाठीवरून ओळखणारी एकच व्यक्ती मी पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या शिवणवर्गाच्या बाई. वर्गातल्या बायका सोडल्या तर कुणाचं नाव त्यांच्या कधी लक्षात राहत नसे. मी तालुक्याच्या कचेरीत नवा नवा लागलो होतो आणि महिन्यातून एकदा पिंपळनेरला जाऊन त्यांचा वर्ग तपासणं हे माझ्या कामांपैकी एक काम होतं. पहिल्या भेटीत मी मोठ्या ऐटीत नमस्कार केला, तर बाई माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. फाइल त्याच काखेत धरता वाटतं?" मी घाईघाईनं फाइल उजव्या काखेत घेतली. "आता काही उपयोग नाही, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "आता शर्टातच निस्तरावं लागेल." त्यानंतरची सगळी वर्षं मी त्यांच्या लेखी 'अर्धा इंचवाले भाऊसाहेब' होतो. आमच्या वरच्या साहेबांना तर त्या 'बेचाळीस कंबर' म्हणत, सुदैवानं त्यांच्या माघारी.

बाई मूळच्या धुळ्याच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि शिवणाचा डिप्लोमा घेऊन त्या या डोंगराकडच्या गावी येऊन राहिल्या होत्या. पदरावर चारदोन सुया टोचलेल्या, केसांत दोरा, आणि तोंडात कायम टाचण्या. टाचण्या तोंडात धरून त्या बोलत, रागावत, हसत, मला वाटतं देवाची आरतीसुद्धा म्हणत. ऐकणाऱ्याला सगळं 'हूं हूं' असंच ऐकू येई. टाचण्या काढून हातावर घेतल्या की समजायचं, आता काहीतरी खरोखरीचं बोलणार. एकदा धुळ्याहून येताना साक्रीच्या स्टँडवर त्यांनी एस.टी. अडवून ठेवली होती, कारण कंडक्टरच्या पैशाच्या पिशवीचा पट्टा उसवला होता आणि तो तशीच ती खांद्यावर मारून हिंडत होता. बाईंनी त्याला शेजारी बसवून पट्टा शिवला. तेवढ्यात ड्रायव्हरच्या खिशाची शिवण दिसली. मग काय, उतारू ओरडताहेत, घंटी वाजते आहे, आणि बाई आपल्या 'हूं हूं' करत टाके घालताहेत. गाडी पाऊण तास उशिरा पोचली. त्या कंडक्टरनं पुढे त्यांना कधी उभं राहू दिलं नाही.

वर्ग भरायचा एका शेटजींच्या धान्याच्या गोदामामागच्या खोलीत. चार मशीन, सोळा बायका. कुणी मजुरीला जाणाऱ्या, कुणी मोहाची फुलं वेचून आणणाऱ्या, दोघीतिघी नवऱ्यानं टाकलेल्या. सरकारी अभ्यासक्रमात झालरीचा फ्रॉक होता, टेबलक्लॉथवरची वेलबुट्टी होती. बाईंनी तो कागद पहिल्याच दिवशी खडूच्या डब्याखाली घातला. "टेबल कुणाकडे आहे इथं?" त्या मला म्हणाल्या. त्या शिकवत चोळी, बंडी, पैरण, म्हणजे आठवड्याच्या बाजारात अंगावर दिसेल ते. आणि शिकवण्याची तऱ्हाही त्यांची स्वतःची. आधी महिनाभर नुसतं उसवायचं. जुनी चोळी टाका टाका काढून सुटी करायची आणि पुन्हा होती तशी जोडायची. ते जमलं की मग मशीनला हात.

याच वर्गात दगूबाई होती. नवऱ्यानं दुसरी केल्यापासून शेतात राबून दोन मुली पोसत होती. बोलणं कमी, हात असा की बाई तिची शिवण मला खिडकीशी नेऊन दाखवत. वर्ग संपायला दोनतीन महिने होते, तेव्हा तिला गावातल्या एका लग्नघरचं काम मिळालं. घरच्या सगळ्यांचे कपडे आणि नवरीची चोळी. ते नीट उतरलं की गावात तिचं नाव होणार होतं. मग निंदणी-खुरपणी सुटणार, दोन्ही मुली शाळेत राहणार. बाई लग्न आपल्याच घरी असल्यासारख्या हिंडत होत्या.

आणि इथपर्यंत हसत हसत आल्यावर आता मला माझ्याबद्दल सांगायचं आहे, ते सांगताना आजही मान वर होत नाही.

वरचे साहेब वर्ग पाहायला येणार असं पत्र आलं. मी त्या दिवशी बाईंच्याही आधी, भल्या सकाळी पोचलो आणि शेटजींकडून किल्ली घेऊन खोली उघडली. खोलीच्या एका भिंतीवर खिळ्यांना पन्नासेक सुतळ्या लोंबत होत्या. जागोजाग गाठी मारलेल्या, टोकाला कसली तरी चिंधी बांधलेली. गेले आठ महिने मी त्या पाहत होतो. दर महिन्याला तासभर बसून बाईंच्या हातचा चहा पीत होतो, आणि हे काय आहे असं एकदाही विचारलं नव्हतं. शेटजींच्या पोत्यांच्या सुतळ्या असतील, अशी माझी समजूत. साहेबांपुढे हा कचरा नको म्हणून मी त्या ओरबाडून काढल्या, चुलीत घातल्या आणि त्यांच्यावर साहेबांच्या चहाचं आधण ठेवलं. एक चांगली लांबशी सुतळी तेवढी ठेवली, तिनं वर्गाची फाइल बांधली. भिंतीवर फ्रॉकचा तक्ता लावला. मला फार समाधान वाटलं, हे सांगायलाच हवं.

बाई आणि बायका आल्या. दगूबाई भिंतीपाशी जाऊन उभीच राहिली. मग तिनं खिळे हातानं चाचपले.

"बाई, मन्ह्या दोऱ्या कोठे गयात?"

तेव्हा मला कळलं. त्या बायकांना टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते. म्हणून बाईंनी हा मार्ग काढला होता: गिऱ्हाइकाच्या अंगाला सुतळी लावायची, छातीला एक गाठ, कमरेला एक, बाहीला एक, टोकाला त्याच्या कापडाची चिंधी. अख्खं लग्नघर त्या भिंतीवर टांगलेलं होतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, तुम्ही आलात तेव्हा होत्या का इथं?"

"नाही," मी म्हणालो, "भिंत साफच होती."

चुलीवर चहा उकळत होता. बाईंची नजर चुलीकडे गेली, परत माझ्याकडे आली. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. "दगू, मीच काढल्या गं," त्या म्हणाल्या. "साहेब येणार म्हणून. माझी चूक." आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

पुढचे आठ दिवस बाई आणि दगूबाई दारोदार हिंडून पुन्हा मापं घेत होत्या. बाकी सगळ्यांची मिळाली. नवरी एव्हाना मामाच्या गावी गेली होती, ती हळदीलाच आली. तिची चोळी दगूबाईनं अंदाजानं शिवली. भर मांडवात पाठीवरची शिवण उसवली. त्या उन्हाळ्यात दगूबाईकडे कुणी कापड टाकलं नाही, पावसाळ्यातही नाही. ती पुन्हा खुरपं घेऊन शेतावर गेली. मी पाहत होतो.

दहाबारा वर्षांनी कचेरीतले जुने कागद निवडताना ती फाइल माझ्या टेबलावर आली. सुतळी तशीच होती. टोकाला पिवळ्या खणाची चिंधी. मी ती घेऊन धुळ्याला बाईंकडे गेलो. त्या आता भावाकडे राहत होत्या, डोळे गेल्यासारखेच होते. तरी दारातल्या माझ्या नुसत्या आकृतीवरून, मी बसायच्या आत म्हणाल्या, "अर्धा इंचवाले ना?" मी सुतळी हातात दिली. त्यांनी गाठी चाचपल्या, चिंधी चुरगाळून पाहिली आणि तोंडातल्या टाचण्या काढल्या. हो, अजून होत्या.

"नवरीची," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. बाई ऐकून म्हणाल्या, "चुलीचं तेव्हाच कळलं होतं. आणि ही दोरीही मला दिसली होती, साहेब जीपमध्ये बसताना, त्यांच्या हातातल्या फाइलला. हाक मारली असती तर मिळाली असती. पण दोरी कसली म्हणून साहेबांनी विचारलं असतं, आणि टेप न वाचणाऱ्या बायकांचा वर्ग त्यांनी त्याच दिवशी बंद केला असता. पंधरा जणींसाठी मी एकीला सोडलं, भाऊसाहेब. तेव्हा लाज तुमची एकट्याची नाही. जा, तिची तिला द्या."

दगूबाई कांद्याच्या वाफ्यात सापडली. केस पिकले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, जमेल तसं. तिनं हात लुगड्याला पुसून सुतळी घेतली, गाठींवरून बोट फिरवलं.

"हाई मन्ही गाठ शे," ती म्हणाली. आणि एकदम हसली. "आते ती पोरले तीन लेकरं शेतस, भाऊ. या मापमा ती आते मावाव नही."

मी विचारलं, शिवण करता की नाही. ती सुतळी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"नही. मंग सुई बी धरी नही."

सुतळी कमरेला खोचून ती पुन्हा वाफ्यात बसली. बाई त्याच हिवाळ्यात गेल्या. शर्ट मी अजून शिवूनच घालतो. शिंपी टेप लावतो आणि दर वेळी सांगतो, साहेब, डावा खांदा जरा खाली आहे. मी हो म्हणतो.