आष्टीच्या माळावर काळवीट मोजायला नव्हे, विचारायला

मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात. मी आष्टी तालुक्यात गेले. दुष्काळात, स्वखुशीने. तुम्हालाही अशी हौस असेल तर पुण्याहून नगरमार्गे एसटी आहे, पाचेक तास लागतात. कड्याला गाडी थांबली की गरम भजी खाऊन घ्या. पुढे खायला मिळेल, सावलीचं मात्र सांगता येत नाही.

जायचं कारण सांगते. आष्टीच्या पुढे एका गावच्या माळावर जंगली जनावरांसाठी बांधलेले दोन पाणवठे आहेत, वरचा आणि खालचा. दोन्ही ठणठणीत कोरडे. गावची दूध सोसायटी आठवड्याला एक टँकर द्यायला तयार झाली, पण तो एकाच पाणवठ्याला पुरणारा. मग कुठला भरायचा? कुठे किती काळवीट येतात याची नोंद आजवर कुणीच केली नव्हती, आणि आता मोजत बसायला वेळ नव्हता. अशा वेळी वन्यजीवांसाठी काम करणारी आमची पुण्याची संस्था जाणकारांना विचारते. प्रत्येकाने गुपचूप लिहायचं: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, खात्री किती. मग नावं झाकून आकडे फळ्यावर मांडायचे, चर्चा करायची आणि पुन्हा लिहायचं.

सोसायटीच्या दूध संकलन केंद्रात आम्ही जमलो. पुण्याचे एक प्राध्यापक होते, काळविटांवर पुस्तक लिहिलेले. सोसायटीचे चेअरमन होते. चेअरमन असल्यामुळे ते सगळ्याच विषयांतले तज्ज्ञ. आणि काशीबाई, माळावर मेंढरं चारणाऱ्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आकडे माझ्या कानात सांगितले.

वरच्या पाणवठ्याचे सगळ्यांचे आकडे जवळपास जुळले. खालच्याला प्राध्यापक सरांनी वीस ते पंचवीस लिहिलं. चेअरमननी नेमके तीस, खात्री शंभर टक्के. त्यांची मोसंबीची बाग त्याच पाणवठ्याला लागून आहे, हा अर्थातच योगायोग. एका कागदावर मात्र होतं: एकही नाही ते चाळीस.

चेअरमन हसले. असले अंदाज तर आंधळाही देईल, म्हणाले.

नावं झाकलेली होती, गप्प बसता आलं असतं. पण काशीबाई म्हणाल्या, "त्यो माजा हाय. बागंला तार घातल्यापासनं मी तिकडं गेलेच न्हाई. न बगता कसं सांगू?"

कसली तार, सरांनी विचारलं. रानडुकरांसाठी घातलीय, दोन वर्षं झाली, असं चेअरमननी जमिनीकडे बघत सांगितलं. सर खालच्या पाणवठ्यावर शेवटचे गेले होते ते तार यायच्या आधी. दुसऱ्या फेरीत त्यांनी लिहिलं: एकही नाही ते पंचवीस. चेअरमनचा आकडा अढळ राहिला.

खात्री वरच्याचीच होती, म्हणून टँकर वरच्या पाणवठ्याला गेला. चेअरमननी शब्द पाळला, त्याच्यापुढे उभं राहून फोटोही काढला. दुपारी त्यांच्याच घरी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी जेवलो. जेवण झकास होतं, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

पुण्यात आल्यावर आमच्या साहेबांनी सुचवलं की तो "एकही नाही ते चाळीस" काढून टाका, अहवालात बरं दिसत नाही. मी तो काढला नाही. हे धाडस नव्हतं, लाज होती. चौथी तज्ज्ञ म्हणून मीही एक कागद भरला होता. खालचा पाणवठा मी फक्त जीपमधून पाहिला होता, आणि खात्री लिहिली होती ऐंशी टक्के.

आठवड्याने काशीबाईंनी पुतण्याच्या फोनवरून फोन केला. त्या चार दिवस पहाटे तारेला वळसा घालून गेल्या होत्या आणि तिथे बसून राहिल्या होत्या. कुणी सांगितलं होतं, मी विचारलं. कुणी नाही, म्हणाल्या.

"हरणं तारंपातुर येत्यात, हुबी ऱ्हात्यात अन् माघारी जात्यात. एक बी पाणवठ्याकडं जाईना. तवा मला म्हाईत न्हवतं पोरी, आता हाय. लिव."