जावईबापू, पाटी वाचा

प्रत्यक्ष परमेश्वर दारात येऊन उभा राहिला, तरी "कशावरून?" असं विचारून त्याला उंबऱ्याबाहेर थांबवणारा एकच माणूस नाशिक जिल्ह्यात उरला आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापील कागदांतले दोष हुडकण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर हुडकायला कागद उरले नाहीत, तेव्हा त्यांनी बाकीचं जग तपासायला घेतलं. पापड आधी उजेडाकडे धरायचा, मग तळायला द्यायचा. लग्नपत्रिका आली की तिच्यावरून अंगठा फिरवून, "शाई नीट बसलेली नाही, हे लग्न पुढे जाणार," असं भविष्य सांगायचं. माझ्या लग्नाला उभं आयुष्य लोटलं, मुलीचंही लग्न झालं, तरी मला ते अजून 'जावईबापू' म्हणतात. त्यातही नातं पुन्हा पुन्हा तपासून घेण्याचा हेतू असावा, असा मला संशय आहे.

ही गेली त्याला आता वर्ष होत आलं. दिवसकार्य आटोपलं, माणसं पांगली, मुलगी सासरी परतली. मी पुस्तकांच्या खोलीत बसून राहू लागलो. पुस्तक उघडं असे, पान उलटत नसे. अशाच एका रविवारी सकाळी दादा दारात उभे.

"चला जावईबापू, सिन्नरला जायचंय. तिथलं देऊळ म्हणे फार जुनं आहे."

"जुनंच आहे, दादा."

"तुम्ही बांधताना पाहिलंत? चपला घाला."

ही होती तेव्हा दादा आणि त्यांची ही 'बेबी', दोघं भावंडं दर रविवारी अशी बाहेर पडत. सिन्नर, चांदवड, भगूर, देवळाली. नाशिकभोवतीची एकही जुनी वस्ती त्यांनी सोडली नव्हती. मी घरी असे. त्या गावांविषयी जे लिहिलं गेलंय ते मी वाचलं होतं, तेव्हा धूळ खात तिथवर जायचं कशाला, असं वाटे. आता मात्र नाही म्हणायलाही अंगात त्राण नव्हतं. गेलो.

दादांबरोबर प्रवास करणं म्हणजे सरकारी चौकशीत साक्षीदार म्हणून फिरणं. स्कूटर त्यांनी कधीच विकून टाकली होती, कारण "पेट्रोलमध्ये काय मिसळतात कुणास ठाऊक." बसस्टँडवर गाडी लागली की फर्मान सुटे, "जावईबापू, पाटी वाचा." मी वाचली की ते कंडक्टरला विचारत, मग खिडकीतल्या एखाद्या बाईला विचारत. तिन्ही जबान्या जुळल्या तरच पाय पायरीवर. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "बाबा, बसताय का पंचनामा करताय?" तोवर मागच्या चार गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. रस्ता ओलांडताना ते माझं कोपर घट्ट धरत. "हल्लीच्या वाहनवाल्यांचा भरवसा नाही." पेपर ते स्वतः वाचत नसत, मला वाचायला लावत. म्हणत, "छापलेलं खोटं डोळ्यांना फसवतं. कानाला फसवत नाही."

सिन्नरला देवळाच्या दगडांवरून त्यांनी तळवा फिरवला, नक्षीचे कंगोरे बोटांनी चाचपले, एका खांबाचा तर वासही घेतला. बाहेर पेरू विकणारी एक बाई हा प्रकार बघत होती. ती म्हणाली, "काका, लय जुनं हाय ते. माझ्या आजेसासऱ्याच्याबी आधीचं."

"आजेसासऱ्यांनी बांधताना पाहिलं होतं का?"

"मंग! गवंड्यांना चहा द्यायला तेच तर जायचे!"

दादा इतके खूश झाले, की त्यांनी तिचे पेरू न हुंगता घेतले. हा सन्मान मी अजून दुसऱ्या कुणाला मिळालेला पाहिला नाही.

पण संशय हा खोकल्यासारखा असतो, शेजारी बसणाऱ्याला लागतो. काही रविवार गेल्यावर मला दादांचाच संशय येऊ लागला. हा माणूस दर आठवड्याला माझ्याकडे का येतो? आल्यावर डबे उघडून हुंगतो, दूध नासलंय का बघतो, हिच्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवतो. मुलीनेच फोन केला असणार: बाबांना एकटं ठेवू नका. म्हणजे ही सगळी चौकशी खोटी, आणि देवळं, पेठा, वाटा सगळी माझ्या दुःखावरची मलमपट्टी. मला त्या दयेचा राग आला. अंजनेरीला जायचं ठरलं होतं. ही शेवटची फेरी, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

फाट्यावर उतरून आम्ही चालत गावात गेलो. डोंगराच्या पायथ्याशी जुन्या देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत. तिथे वाटेच्या कडेला दोन खांबांवर एक निळी पत्र्याची पाटी उभी होती. दादा तिच्यापुढे गेले, पत्र्यावरून अंगठा फिरवला, मागे सरले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "या पाटीवरचं एक अक्षर खरं नाही. वाचा, जावईबापू."

मी पाहिलं. पाटीवर एकही अक्षर नव्हतं. उन्हापावसाने सगळं पुसून टाकलं होतं. नुसता निळा पत्रा, मध्ये गंजाचा एक डाग.

मी दादांकडे पाहिलं. ते पाटीकडे बघत होते, पण नजर तिच्या थोडी बाजूला, खांबाच्या पलीकडे लागली होती. स्कूटर, बसची पाटी, पेपर, माझं कोपर, दगडांवरून फिरणारी बोटं. सगळं एका क्षणात माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. दादांना दिसत नव्हतं.

"इथे काही लिहिलेलं नाही," हे शब्द ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि घसा खाकरून वाचू लागलो. हे देऊळ यादवांच्या काळातलं, शिखराची घडण अशी, दगड इथल्याच डोंगराचा. जे जे वाचलेलं आठवत होतं ते सगळं त्या कोऱ्या पत्र्यावरून वाचून दाखवलं. दादा मान हलवत ऐकत होते. एकदाही "कशावरून?" म्हणाले नाहीत.

परतीच्या बसमध्ये त्यांनी आधी सीटचं रेक्झिन अंगठ्याने चाचपलं. मग म्हणाले, "बरं वाचता तुम्ही. फक्त जरा कोरडं."

मी सुटे पैसे मोजून खिशात टाकले.

"पाटी कोरी आहे, जावईबापू. डोळे गेले तरी अंगठा शाबूत आहे माझा."

"मग वाचायला का लावलंत?"

"बेबी इथे दर खेपेला नवा राजा सांगायची. एकदा म्हणाली, राणी रुसून माहेरी गेली म्हणून कळस अर्धा राहिला. तुम्ही काय करता ते बघायचं होतं." ते खिडकीकडे वळले. "काचबिंदू आहे. फक्त तिलाच ठाऊक होतं. आमच्या घरी बोलू नका. सूनबाई चांगली आहे हो, पण काळजीपोटी फाटकाबाहेर सोडायची नाही. मग मी घरात बसून भिंतींवर संशय घेऊ?"

म्हणजे मलमपट्टी माझी नव्हतीच. हिच्या जाण्याने माझं घर रिकामं झालं होतं, त्यांचे डोळे गेले होते. आणि घरात एवढी वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं, की ही रविवारी बाहेर पडून राजे-राण्या रचत असे.

आता रविवारी मीच त्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. "दादा मला सिन्नर दाखवणार आहेत," असं सूनबाईला सांगतो. ती बिचारी म्हणते, "काका, तुम्ही त्यांच्याबरोबर असता म्हणून बरं. तुमचंही मन रमतं."

परवा देवळालीच्या जुन्या बंगल्यांकडे गेलो होतो. एका बंद फाटकाआड लांब व्हरांडा होता, सुकलेल्या पानांनी भरलेला. फाटकावर पाटी नव्हती.

"वाचा," दादा म्हणाले.

या घराविषयी कुठल्या पुस्तकात काही वाचल्याचं मला आठवेना. मी म्हणालो, "या व्हरांड्यात एक बाई राहायची. पेरू खात खात भावाला खोट्या गोष्टी सांगायची. आणि भाऊ जगात कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही, पण तिच्या सगळ्या गोष्टी खऱ्या मानायचा."

दादा फाटकाच्या गजावर हात ठेवून उभे राहिले. आता ते "कशावरून?" विचारतील म्हणून मी थांबलो.

त्यांनी विचारलं नाही. माझं कोपर चाचपून धरलं, आणि आम्ही बसच्या दिशेने चालू लागलो.