उमेदवाराचा खरा पत्ता

सेवेतली बरीच प्रकरणं आता अंधुक झाली आहेत. हे एक मात्र कालच घडल्यासारखं आठवतं. शिकागोजवळच्या एका काउंटीत मी तपास अधिकारी होतो. निवडणुकीच्या तोंडावर ऑफिसात एक निनावी फोन आला. बोलणारा उपनगरातला रहिवासी होता. "राज्य सिनेटला उभी राहिलेली ती बाई डेव्हन ॲव्हेन्यूला राहतच नाही. दर शनिवारी तिची गाडी आमच्या शेजारी, तिच्या नवऱ्याच्या दारात असते."

राज्य सिनेट म्हणजे विधिमंडळाचं वरचं सभागृह. एका मतदारसंघातून एकच सभासद, तोही लोकांनी थेट निवडलेला. आमच्या राज्यात उमेदवार नागरिक हवा, वय किमान एकवीस हवं आणि निवडणुकीआधी दोन वर्षं तो त्याच मतदारसंघात राहिलेला हवा. बाईंनी मतदारसंघातला डेव्हनचा पत्ता देऊन तसं शपथेवर लिहून दिलं होतं; नवऱ्याचं उपनगर मतदारसंघाबाहेर होतं. ते खोटं ठरलं असतं तर उमेदवारी गेली असतीच, वर गुन्हाही दाखल झाला असता.

बाई मूळच्या नाशिकच्या, पेशाने फार्मासिस्ट. मीही मराठी, म्हणून पक्षपाताचा संशय नको यासाठी हे मी वरिष्ठांना आधीच लेखी कळवलं. त्यांनी एक अमेरिकन सहकारी सोबत दिला. कागद बाईंच्या विरुद्ध होते. बँकेची पत्रं उपनगरातल्या घरी जात, डेव्हनचा फ्लॅट मैत्रिणीच्या नावावर होता.

"शनिवारी तिकडे कशाला जाता?" मी विचारलं.

इंग्रजीत बोलणाऱ्या बाई एकदम मराठीत म्हणाल्या, "ते पर्सनल आहे, काका. पण मी राहते डेव्हनलाच."

"मग प्रूफ द्या. नाहीतर मला रिपोर्ट तसाच लिहावा लागेल."

त्यांचे डोळे भरले. खोटं बोलणारा माणूस खुलासे भरभरून देतो, असा माझा अनुभव. या बाई एकही देत नव्हत्या. म्हणून रिपोर्ट न लिहिता मी नवऱ्याला बोलावलं.

तो पुण्याचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. बसल्याबसल्या त्यानेच विचारलं,

"तिने काही सांगितलं का?"

"नाही."

"मग मीच सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही सेपरेट झालो, तेव्हापासून ही डेव्हनला मैत्रिणीकडे राहते; बँकेतला पत्ता तेवढा बदललेला नाही. माझी आई पुण्यात, हार्ट पेशंट. तिला सांगायची हिंमतच झाली नाही. शनिवारी आईचा व्हिडिओ कॉल असतो, तेवढ्यासाठी ही येते. कॉल संपला की जाते. कोणाला सांगू नकोस, अशी रिक्वेस्ट मीच केली होती."

"हा जबाब निवडणूक मंडळापुढे वाचला जाईल," मी बजावलं. "सगळ्या मराठी मंडळींत कळेल."

"कळू दे. आईला आजच सांगतो." त्याने सही केली. मग मैत्रिणीचा आणि फ्लॅटखालच्या दुकानदाराचा जबाब जुळला आणि तक्रार निकाली निघाली.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "काका, आई म्हणाली, तिला कधीचंच माहीत होतं. कॉलवर मी हिला चहा दिला की ही परक्यासारखं 'थँक यू' म्हणायची ना, त्यावरून!"

मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली. मी कागद चाळत होतो. त्या माउलीने हजारो मैलांवरून, नुसत्या स्क्रीनवर, सगळं ओळखलं होतं.

बाई निवडून आल्या. पत्ता कागदावर असतो, पण माणूस कुठे राहतो हे माणसांनाच विचारावं लागतं, हे मी त्या प्रकरणात शिकलो. एकीने दुसऱ्यासाठी तोंड बंद ठेवलं, दुसऱ्याने तिच्यासाठी उघडलं. निरपराध बाईवर ठपका ठेवणारा रिपोर्ट माझ्या हातून लिहिला गेला नाही, ते त्या दोघांमुळे. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते. ते आज इथे मानतो.