लिलावात गेलेला चहा

मी आयुष्यात एकदाच राजकीय भाषण केलं, आणि तेही दुसऱ्याचं.

त्या काळी मी तळेगावच्या आठवडी बाजारात भाजीचे आणि आंब्याचे लिलाव पुकारायचो. आम्ही बागवान, आवाज ही आमची पिढीजात इस्टेट. (दुसरी कुठली नव्हती, म्हणून हिलाच इस्टेट म्हणायचं.) उतारवयात अब्बांचा आवाज बसला, तेव्हा त्यांनी लिलावाची जागा मला दिली आणि स्वतः लोणावळ्याच्या स्टेशनाजवळ चहाचं हाटेल काढलं. हाटेल म्हणजे काही बाकडी, एक पितळी बंब आणि मागे गोणपाटाचा पडदा. पडद्यामागे चहा करायची माझी बायको, हलीमा. बंब तिच्या पाटल्या मोडून आणलेला होता, त्यामुळे घरात बंबाला माझ्यापेक्षा जास्त मान होता. माझी त्याबद्दल तक्रार नाही. बंब निदान बोलत तरी नव्हता.

हाटेल नवं होतं आणि चालत नव्हतं. लोक यायचे, वास घ्यायचे आणि पुढे जायचे. ज्यांना आमच्याकडचं चालत नसे, ते खोकला झाला की ‘औषध म्हणून’ पिऊन जात. पण लोणावळ्याची हवा अशी चांगली की खोकला तरी किती जणांना होणार!

अशात बातमी आली, की एक फार मोठे पुढारी लोणावळ्यात उतरणार आणि स्टेशनामागच्या मैदानात त्यांचं भाषण होणार. त्यांच्या तुरुंगातल्या गोष्टी लोक घरोघरी सांगत. सगळं मावळ लोटणार, हे नक्की होतं. दिवस कडाक्याच्या थंडीचे. अब्बांचे डोळे चमकले. मिळेल तेवढं दूध, मिळेल तेवढी साखर त्यांनी गोळा केली.

“दस्तगीर,” ते मला म्हणाले, “या सभेनं हाटेल तरलं तर तरलं. नाहीतर बंब विकायचा, सुनेच्या पाटल्या तिला करून द्यायच्या आणि मी गप घरी बसायचं.”

“अब्बा, तुम्ही काळजीच करू नका,” मी म्हणालो. (हे वाक्य मी ज्याला ज्याला म्हणालो, त्याने खरं तर तेव्हाच काळजी करायला हवी होती.)

सभेच्या दिवशी मैदान असं भरलं, की झाडांवरसुद्धा जागेवरून भांडणं लागली. वराळ्यापासून माणसं बैलगाड्या जुंपून आलेली. आणि ऐन वेळी कळलं, की पुण्याहून आवाजाचा कर्णा आला आहे, पण तो बोलत नाही. त्यातून पुढाऱ्यांचा घसा आदल्या सभांनी बसलेला. सभेची व्यवस्था पाहणारे आमच्या गावचे वकीलसाहेब घामाघूम होऊन हाटेलात धावत आले.

“दस्तगीर, तुझ्यावाचून सभा अडली! ते एक वाक्य बोलतील, तू मधे उभा राहून तेच वाक्य मागच्यांना ओरडून सांगायचं. जमेल?”

“जमेल म्हणजे? साहेब, मी बाजारात बोलायला लागलो की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकतात!”

पडद्यामागून हलीमा म्हणाली, “अहो, कानावर येईल तेवढंच बोला. पदरचं घालू नका.”

“मी काय लहान आहे?” असं म्हणून मी निघालो.

मैदानाच्या मध्यावर मला एका बैलगाडीवर चढवलं. पुढच्या निम्म्या लोकांना पुढारी ऐकू येत होते आणि मागच्या निम्म्यांना मी. सुरुवात झकास झाली. ते हळू आवाजात म्हणायचे, “बंधूंनो आणि भगिनींनो,” आणि मी गरजायचो, “बंधूंनो आणि भगिनींनो!” मागची माणसं दचकून सावरून बसायची. असं पुष्कळ वेळ सुरळीत चाललं. मग घाटातली गाडी मागून ढकलायला येतं ते इंजिन यार्डात येऊन शिट्टी मारायला लागलं आणि पुढाऱ्यांचं एक वाक्य पूर्ण वाफेत गेलं. मागचे लोक माझ्याकडे बघतायत. आता करायचं काय? मी मनानंच एक वाक्य ठोकून दिलं, “मावळच्या मातीत जो जन्मला, त्याला कुणी वाकवू शकत नाही!”

आणि काय सांगू, टाळ्यांचा कडकडाट! पुढाऱ्यांच्या स्वतःच्या वाक्यांना पडल्या नव्हत्या इतक्या! पुढारीही मागे बघून समाधानानं हसले. तिथेच माझं डोकं फिरलं. भाषण आता आम्ही दोघं मिळून करतोय, असं मला वाटायला लागलं.

मग पुढारी व्यसनांवर आले. दारू झाली, विडी झाली आणि ते म्हणाले, “चहाचीही सवय आपल्याला फार लागते आहे. प्रत्येकानं आठवड्यातून एक दिवस चहा सोडावा आणि त्या दिवसाचं दूध घरातल्या मुलांना द्यावं.”

एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. ते पाणी प्यायला थांबले. मैदान चिडीचूप झालं.

लिलाव पुकारणाऱ्या माणसाला शांतता सोसत नाही. शांतता म्हणजे बोली अडली! माझी जीभ माझ्या परवानगीशिवाय सुटली.

“आठवड्यातून एक दिवस चहा बंद! एक दिवस बोललेत पाहुणे! एक दिवसावर कोण चढतंय?”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग वराळ्याचे आबा उठले. त्यांचा कांदा दर बाजाराला मीच पुकारायचो, आणि तो विकला की ते दुसऱ्यांच्या मालावर बोली लावायचे. माझा आवाज कानावर पडला की त्यांचा हात आपोआप वर जायचा.

“दोन दिस!” आबा ओरडले.

“वराळेकर दोन दिवस! दोन दिवसांवर कोण? तळेगावकर झोपले काय?”

तळेगावचे एक व्यापारी ताडकन उभे राहिले. “तळेगाव वराळ्याला हार जाणार न्हाई! अख्खा आठवडा!”

“अख्खा आठवडा! शाबास! पुढं बोला!”

“म्हयना!” आबा.

“दोन म्हयने!” तळेगाव.

मैदान पेटलं. फेटे उडायला लागले. ज्यांनी जन्मात चहा चाखला नव्हता, तेही त्वेषानं चहा सोडायला लागले. तेवढ्यात मला गर्दीतून वाट काढत येणारे अब्बा दिसले. चेहरा पांढराफटक, आणि मला थांबवायला त्यांनी दोन्ही हात उंच धरलेले, पंजे पसरून. आता, आमच्या लिलावात दोन्ही पंजे म्हणजे दहा!

“दहा महिने!” मी गरजलो. “अहो बघा, खुद्द चहाच्या हाटेलवाल्यानं दहा महिने बोली लावली! याला म्हणतात काळीज!”

लोकांनी अब्बांना खांद्यावर घेतलं. अब्बा वरून हात हलवून ‘नाही नाही’ म्हणत होते आणि लोकांना वाटत होतं म्हातारा विनयानं सत्कार नाकारतोय.

“वरीस!” आबा ओरडले. आणि बोली अडली. तळेगावकर खाली बसले. वर्षावर कुणी चढेना. आता आमच्या धंद्यात एक रीत आहे: बोली अडली, की पुकारणाऱ्यानं आपल्याच पदरची एक बोली हळूच वर ठेवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला चेव येतो. मी छातीवर हात मारला.

“मी म्हणतो, जन्मभर! जन्मभरावर कोण चढतंय?”

कुणीच नाही. (जन्मभराच्या वर चढणार कुठे? पुढचे जन्म आमच्यात नाहीत, आणि ज्यांच्यात आहेत त्यांनी ते आधीच कशाकशाला लावून ठेवलेले.)

“एक वार! दोन वार! तीन वार!” मी गाडीच्या कठड्यावर थाप मारली. सगळ्या मावळात चहा जन्मभर बंद झाला. जयजयकार असा झाला, की यार्डातलं इंजिन शिट्टी मारायचं थांबलं. लांब व्यासपीठावर शब्द नाही, नुसता जल्लोष पोचला होता; पुढाऱ्यांनी डोळे पुसले आणि हात जोडले. मीही हात जोडले. मग खाली उतरलो, घोटभर चहा घ्यावा म्हणून हाटेलाकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत मला घाम फुटला.

मी पोचलो तेव्हा बंब खदखदत होता, कपबश्यांच्या उतरंडी लागल्या होत्या आणि बाकड्यांवर माशी नव्हती. समोरून सभा सुटून चालली होती. माणसं थंडीनं कुडकुडत होती, हाटेलाकडे बघत होती आणि मान वळवून पुढे जात होती. काही जणांनी तर नाकावर उपरणं धरलं, वासानं शपथ मोडेल म्हणून! अब्बांना लोकांनी खांद्यावरून आणून दारातच ठेवलं होतं. गळ्यात हार होता. ते हाराकडे बघत बसले होते.

“अब्बा...” मी म्हणालो.

“बोलू नकोस,” अब्बा म्हणाले. “तू बोललास की काहीतरी विकलं जातं. आता बंबच राहिलाय.”

मला त्यांच्याकडे बघवेना. पडद्यामागे भांडी आपटल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. हलीमा गप्प असली की मला जास्त भीती वाटते.

तेवढ्यात वकीलसाहेब पुढाऱ्यांना घेऊन आले. गाडीला वेळ होता, वारा झोंबत होता. पाठोपाठ सगळी गर्दी परत फिरली आणि दाराशी कोंडाळं करून उभी राहिली. पुढारी बाकड्यावर टेकले, हात चोळले आणि बसक्या आवाजात म्हणाले, “जरा कडक चहा मिळेल का? घसा अगदी धरलाय.”

वकीलसाहेब छताकडे बघायला लागले. शेवटी आबा पुढे झाले.

“सायेब, रागावू नगा. पर तुमीच सोडाया लावला न्हवं? आमी समद्यांनी सोडला. जलमभर.”

“जन्मभर?” पुढाऱ्यांनी विचारलं. “मी तर आठवड्यातून एक दिवस म्हणालो होतो.”

“व्हय, तितनं सुरू झाला. मंग चढत गेला.”

आबांनी सगळा लिलाव सविस्तर सांगितला. पुढारी ऐकत होते आणि त्यांची नजर हळूहळू माझ्यावर येऊन थांबली. तुरुंगात इतकी वर्षं काढलेला माणूस. पण असा चेहरा त्यांनी तिथे कधी केला नसेल.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “आता यांना एकच दिवस सोडा म्हणून सांगू या.”

“छे! कसं सांगणार?” वकीलसाहेब पुटपुटले. “हजारो लोकांनी हात वर केलेत. नेत्यानंच शपथ खाली उतरवली, तर उद्या दुसरी कुठली टिकेल?”

ते बरोबर होतं. सगळ्यांना चहा हवा होता आणि कुणालाच पिता येत नव्हता. एकटा बंब तेवढा बोलत होता.

मग पडद्यामागून हलीमाचा आवाज आला.

“आबा, एक विचारू?”

“इचार की पोरी.”

“तुमचा कांदा लिलावात जातो, तेव्हा बोली किती जण लावतात?”

“लावत्यात धा-पंधरा जण.”

“मग कांदा त्या सगळ्यांच्या गळ्यात पडतो?”

“आसं कसं? ज्येची शेवटची बोली, त्येचा माल.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे मोकळे! झटकायचं धोतार आन् जायचं घरला...” आबा मधेच थांबले. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

“मग आज शेवटची बोली कुणाची होती?” हलीमानं गोड आवाजात विचारलं.

सगळं मावळ माझ्याकडे वळलं. तळेगावकर वळले, वराळेकर वळले, झाडावरून नुकते उतरलेले वळले. अब्बांनी तर गळ्यातला हार काढला आणि उठून माझ्या गळ्यात घातला. त्यांचा चेहरा बऱ्याच वेळानं माणसात आला होता.

पुढारी इतके हसले, की त्यांना पुन्हा खोकला आला. “वकीलसाहेब, कायदा काय म्हणतो?”

“बिनतोड आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “तीन वार झालेत. माल दस्तगीरचा. बाकीच्यांवर तुमचा मूळचा एक दिवस तेवढा लागू. आणि तो आज आहे, असं आपण कुठे म्हणालात?”

“आज मुळीच नाही!” पुढारी म्हणाले.

मग जे झालं, त्याला गर्दी हा शब्द कमी पडतो. बंब रिकामा होई आणि भरे. ज्यांना आमच्याकडचं चालत नव्हतं त्या सगळ्यांना त्या दिवशी खोकला झाला. वराळे आणि तळेगाव एकमेकांना बशा भरून देत होते. पुढारी दोनदा चहा प्यायले. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“असा त्यागी माणूस प्रत्येक गावात हवा.”

“एका तालुक्याला एक पुरे,” वकीलसाहेब म्हणाले.

हाटेल त्या दिवशी जे उभं राहिलं, ते राहिलंच. आठवड्यातला एक दिवस आम्ही अजून बंब पेटवत नाही. दूध गल्लीतल्या पोरांना वाटतो. हलीमाच्या पाटल्या झाल्या, आणि त्या पहिल्यापेक्षा जाड झाल्या. अब्बा गेल्यापासून गल्ल्यावर मी बसतो. आमच्या हाटेलचा चहा मावळात एक नंबर आहे, असं म्हणतात. म्हणत असावेत; मला कळायला मार्ग नाही. मी तेव्हापासून त्याला तोंड लावलेलं नाही, कारण लिलावात घेतलेला माल परत करता येत नाही, हे मीच आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलं.

रोज सकाळी हलीमा पहिला कप घेऊन माझ्या समोर बसते. बशीत ओतते, फुंकर घालते, फुर्रकन एक घोट घेते आणि डोळे मिटून विचारते, “एक वार... कोण चढतंय?”